बुडीत मजुरीचा रकाना
वऱ्हाडातील आरोग्यदानाचा एक मागोवा

आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरीत घंटा होते आणि लाखोंचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. अमरावती-नागपूर महामार्गावरची वाहनेही त्या वेळी थांबतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच वेळी देह ठेवला. तेव्हापासून ही मौन श्रद्धांजली चालत आली आहे. भाषण नाही, आरती नाही, केवळ शांतता. दिवाळीच्या आठदहा दिवस आधी येणारा हा दिवस आमच्या तिवसा तालुक्यात सणासारखाच मोजला जातो.

मी लहानपणी मामांच्या सायकलीच्या दांडीवर बसून या दिवशी मोझरीला येत असे. पुढे नोकरीमुळे येणे सुटले. माझी नोकरी मुंबईतल्या एका आरोग्यविषयक न्यासात होती आणि शेवटची नऊ वर्षे मी तिथल्या अनुदान विभागाचा प्रमुख होतो. हे काम काय असते, ते थोडक्यात सांगायला हवे. देशभरातल्या संस्था प्रस्ताव पाठवतात. आमची माणसे ते वाचतात, जागेवर जाऊन पाहणी करतात, अंदाजपत्रकातली एकेक बाब तपासतात आणि विश्वस्तांपुढे शिफारस ठेवतात. मंजुरी मिळाली की हप्त्याहप्त्याने पैसे जातात आणि अहवाल व उपयोगिता प्रमाणपत्र परत येते. आमच्या न्यासाचे ध्येय ‘आरोग्य-समता’ असे लिहिलेले होते. ज्याची गरज मोठी त्याच्यापर्यंत आधी पोहोचायचे, असा त्याचा साधा अर्थ.

निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी मोझरीला गेलो. मामांच्या वयाचे एक जुने गुरुदेव सेवक मंडपात भेटले. ‘जय गुरु’ झाले. चौकशी झाली. मी काय करत होतो ते ऐकून त्यांनी विचारले, “म्हंजे तुमी पैसे वाटत होते. मंग कोनाले द्याचे अन् कायच्यासाठी द्याचे, हे ठरवत कोन होतं?”

“आम्हीच,” मी म्हणालो.

“अन् ज्याले पायजे, त्याले कोनी इचारे का?”

या लेखाचे मूळ या प्रश्नात आहे. वऱ्हाडात आरोग्यासाठी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पैसा आला तो कोणाकोणाचा, आणि कुठे खर्च करायचा हे ठरवले कोणी, एवढेच इथे पाहायचे आहे. हा संपूर्ण इतिहास नाही. मोझरीपासून एका दिवसात जाऊन येता येईल अशी काही ठिकाणे, आणि वऱ्हाडातल्या रुग्णाला ज्या शहरांची वाट धरावी लागली तेवढी बाहेरची ठिकाणे, इतकाच त्याचा पैस आहे.

नावे कोणाची उरली

अमरावतीत आजही कोणी ‘जिल्हा सामान्य रुग्णालय’ म्हणत नाही. म्हणतात इर्विन. स्त्रियांचा सरकारी दवाखाना म्हणजे डफरीन. अकोल्याला स्त्री रुग्णालयाचे नाव लेडी हार्डिंग. खेड्यातली बाळंतीण आणि तिची सासू ही नावे इतक्या सहज उच्चारतात, की ती व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नींची नावे आहेत हे कोणाच्या मनातही येत नाही. डफरीन १८८४ ते १८८८ या काळात व्हाइसरॉय होते, हार्डिंग १९१० ते १९१६ आणि इर्विन १९२६ ते १९३१.

यांपैकी डफरीन हे नाव आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. लेडी डफरीन यांनी १८८५ साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचा एक निधी उभा केला. पन्नाच्या महाराणीने आपल्या उपचारांसाठी आलेल्या इंग्रज डॉक्टरबाईंच्या हाती व्हिक्टोरिया राणीला निरोप पाठवला, इथून त्याची कथा सुरू होते. संस्थानिक, जमीनदार, व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांच्याकडून वर्गण्या जमल्या. स्त्री डॉक्टर आणि परिचारिका तयार करणे, स्त्रियांसाठी दवाखाने काढणे आणि शिकलेल्या स्त्रियांना त्या कामात आणणे ही त्याची उद्दिष्टे होती. आज आपण ज्याला अनुदान कार्यक्रम म्हणतो त्याची बहुतेक सगळी अंगे इथे दिसतात : मध्यवर्ती निधी, प्रांतोप्रांतीच्या शाखा, ठरवून दिलेली उद्दिष्टे, वार्षिक अहवाल.

या निधीने केलेले काम छोटे नव्हते. पुरुष डॉक्टरपुढे न जाणाऱ्या स्त्रीसाठी दार उघडले, हे मान्य केलेच पाहिजे. पण कोणाची अडचण आधी, हे ठरले सिमल्यात आणि कलकत्त्यात. दात्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः पडद्यातली, घरंदाज स्त्री होती. कापसाच्या शेतात वेचणीला जाणारी, जिला पडदा परवडतच नव्हता, ती त्या चित्रात फारशी नव्हती. तिची अडचण डॉक्टर पुरुष आहे की स्त्री याच्याआधी सुरू होत होती. दिवसाची मजुरी बुडवून शहरात जायचे कसे, ही तिची अडचण होती.

माणशी अनुदान

दुसरी पद्धत परतवाड्याजवळ कोठारा येथे पाहायला मिळते. कोठाऱ्याचे कुष्ठरोग रुग्णालय वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. सातपुड्यातल्या कोरकूंमध्ये काम करणारे मिशन आणि ‘मिशन टू लेपर्स’ या दोहोंच्या संबंधातून ते वाढले.

मिशन टू लेपर्स ही संस्था वेलस्ली बेली यांनी १८७४ साली डब्लिनमध्ये सुरू केली. सुरुवातीचा संकल्प वर्षाला ३० पौंड जमवण्याचा होता. तिची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या काळात तिने सगळीकडे आपली माणसे आणि आपल्या इमारती उभ्या केल्या नाहीत. जिथे दुसरे कोणते मिशन आधीपासून काम करत होते, तिथल्या महारोग्यांच्या निवाऱ्यासाठी आणि अन्नासाठी ती पैसा पाठवी. म्हणजे ती खऱ्या अर्थाने अनुदान देणारी संस्था होती. सरकारकडूनही अशा आश्रमांना माणशी मदत मिळे.

माणशी अनुदानाचा एक मोठा गुण मला माझ्या कामामुळे चटकन कळला. इमारतीला एकदा पैसा दिला की दाता मोकळा होतो. माणशी दिला की दररोजच्या भाकरीशी बांधला जातो. रोगी रोज जेवतो, म्हणून पैसा रोज लागतो, हे या पद्धतीला कबूल करावे लागते.

तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. मदत मिळणार ती आवाराच्या आत राहणाऱ्याला. १८९८ च्या महारोगी कायद्याने भीक मागणाऱ्या निराधार महारोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद केली होती. अशा काळात आश्रमातली जागा हा आसरा होता तसा वेगळे काढण्याचा मार्गही होता. जो घरी राहून, बोटे झाकून, शेतात राबत होता, त्याच्यापर्यंत हे अनुदान जात नव्हते.

रात्री झोपायचे कुठे

तिसरी पद्धत ज्यांनी रुजवली त्यांनी आयुष्यात कधी अंदाजपत्रक लिहिले नाही. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामांच्या घरी गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. गावात यायचे, खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत सर्वांना माहीत आहे. इथे पाहायचे आहे ते त्यांचे पैशाशी नाते.

पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपये जमले. त्यांतले स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही. व्यवस्था विश्वस्तांकडे दिली. अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे तसेच राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. ज्यांना इतर धर्मशाळांच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या त्यांच्यासाठी ती बांधलेली होती, आणि तिचे पुढे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्याच समाजाच्या संस्थेकडे गेला. अनुदानाच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी पैशाबरोबर निर्णयही देऊन टाकला. माझ्या नोकरीच्या सगळ्या काळात असे उदाहरण मला पाहायला मिळाले नाही.

गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर पेढी नदीपाशी गेले. त्यांच्या मिशनने त्यांची रीत पुढे चालवली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. दादरला आहे ती मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी.

दादरच्या धर्मशाळेचा अर्थ नीट कळायचा तर तिच्या शेजारी परळचे टाटा रुग्णालय ठेवून पाहावे लागते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. त्यांनी आपली मालमत्ता ज्या न्यासाला दिली, त्या न्यासाने १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. भारतातल्या आरोग्यदानाच्या इतिहासात एवढे विचारपूर्वक आणि एवढे दूरवर पोहोचलेले अनुदान क्वचितच सापडेल. पुढे रुग्णालय केंद्र सरकारकडे आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे गेले. दर्जा टिकला, गरिबांवरचे उपचार चालू राहिले.

पण उपचार एका दिवसाचे नसतात. किरणोपचार आठवड्यांमागून आठवडे चालतात. दर्यापूरचा किंवा बाळापूरचा शेतमजूर तेवढे दिवस मुंबईत राहणार कुठे? त्याच्याबरोबर आलेली बायको रात्री अंग टाकणार कुठे, दोन वेळा शिजवणार कशावर? टाटांच्या दानाने उपचारांचा प्रश्न सोडवला. हा दुसरा प्रश्न ज्या माणसाच्या नावाने सुटला त्याच्या हयातीत त्याच्याकडे स्वतःचे छप्परही नव्हते.

माझ्या वडिलांना घशाचा कर्करोग झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. ते उपचारांसाठी मुंबईत एकेचाळीस दिवस होते आणि त्यांच्याबरोबर आई दादरच्या धर्मशाळेत राहिली. वडील पुढे चार वर्षे जगले. आई त्या एकेचाळीस दिवसांबद्दल बोलताना डॉक्टरांची नावे कधी सांगत नसे. तिला ती आठवतच नव्हती. तिला आठवत होती शेजारच्या चटईवरची बुलढाण्याकडची बाई, पहाटेची आंघोळीच्या पाण्याची रांग आणि रात्री कोणी उठवायला येत नाही ही खात्री. “उपचार त्यांचे झाले,” ती म्हणायची, “पन मी तिथं होती म्हनून झाले.” हे वाक्य मी हजारदा ऐकले असेल. तरी त्याचा उपयोग जिथे करायचा तिथे मला तो करता आला नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

नदीच्या दोन बाजू

मोझरीच्या पूर्वेला वर्धा नदी. तिच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा. स्वातंत्र्याच्या आगेमागे या नदीच्या दोन बाजूंना एकाच रोगावर दोन वेगळी कामे उभी राहिली.

अलीकडे अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन. ते होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. १९४६ साली त्यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केले आणि शहराबाहेर तपोवन उभे केले. रोग्याने दयेवर जगू नये, हातात कौशल्य घ्यावे, कमवावे, संसार करावा, असा त्यांचा आग्रह होता. तपोवनात शेती झाली, कारखानदारी झाली, वस्ती झाली. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तपोवनाला देणगी देणारा माणूस एका वस्तीला हातभार लावत होता. तिथे काय हवे ते त्या वस्तीत राहणारेच सांगू शकत होते.

पलीकडे वर्ध्याला मनोहर दिवाण यांचे दत्तपूर कुष्ठधाम १९३६ पासून होतेच. गांधीजींच्या हत्येनंतर देशभरातून जनतेने वर्गणी दिली आणि गांधी स्मारक निधी जमला. या निधीने १९५१ साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन केले. हातात पैसा होता आणि महात्म्याचे नाव होते. जागोजाग भव्य कुष्ठधामे बांधली असती तर सर्वांनी कौतुकच केले असते. डॉ. रा. वि. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. डॅप्सोनच्या गोळ्या नुकत्याच हाती आल्या होत्या. रोग्याला आश्रमात आणण्यापेक्षा गोळी त्याच्या घरी नेणे आता शक्य होते. घरोघर जाऊन तपासणी, लोकांचे शिक्षण आणि गावातच उपचार, अशी तीन पदरी पद्धत त्यांनी बसवली. १९५५ साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सरकारने हीच पद्धत स्वीकारली.

तपोवन आणि वर्धा यांत श्रेष्ठ कोण, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याची बोटे झडली होती आणि घर सुटले होते त्याला तपोवन हवे होते. ज्याच्या पाठीवर नुकताच चट्टा उमटला होता त्याला घरी येणारी गोळी हवी होती. पण वर्ध्याच्या निर्णयातून मी एक गोष्ट शिकलो : अनुदानाचा पैसा इमारतीऐवजी पायी फिरणाऱ्या माणसाच्या पगारावर खर्च करता येतो, आणि तो तसा खर्च केला तर घरी राहून बोटे झाकणाऱ्यापर्यंतही पोहोचतो. कोठाऱ्याच्या कुंपणाबाहेर राहिलेला माणूस इथे पहिल्यांदा हिशेबात आला.

मेळघाटातला एक प्रस्ताव

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो.

मेळघाट म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याआधीपासून आणि त्यानंतर तिथे मोलाचे काम करणारी माणसे आहेत. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी नाममात्र शुल्कात दवाखाना चालवला. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांनी ‘महान’ संस्थेचे रुग्णालय उभारले आणि गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले.

मी सांगतो तो प्रस्ताव यांपैकी कोणाचा नव्हता. एका लहान संस्थेने आजारी आणि कुपोषित मुलांसाठी दहा खाटांचा कक्ष मागितला होता. अंदाजपत्रकात बांधकाम होते, खाटा होत्या, औषधे होती, परिचारिकेचा पगार होता. शेवटी एक बाब होती : आईचा येण्याजाण्याचा खर्च, मुक्कामातले जेवण, आणि तिच्याबरोबर आलेल्या लहान भावंडांचे जेवण. आमच्या छापील तक्त्यात या खर्चाला रकानाच नव्हता. त्यांनी तो ‘इतर’ या रकान्यात लिहिला होता. ‘इतर’ खर्चावर आमची मर्यादा होती आणि ही रक्कम तिच्या पलीकडे जात होती. मी ती बाब लाल शाईने कापली. समासात लिहिले : थेट आरोग्यसेवेशी संबंध नाही.

आईच्या त्या वाक्याची तेव्हा मला आठवण झाली नाही. झाली असती तरी मी नियम मोडला असता का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. लेखापरीक्षणाच्या खोलीत बसले की माणसाला आपलेही घर परके होते.

पुढच्या वर्षी जुलैत पाहणीला गेलो. पेरणीचे दिवस होते. कक्ष सुंदर झाला होता. भिंतींवर कोरकू मुलांसाठी रंगवलेले वाघ आणि मोर होते. दहा खाटांपैकी आठ रिकाम्या होत्या. संस्थेची कार्यकर्ती मला जवळच्या पाड्यावर घेऊन गेली. तिथे एक आई भेटली. तिच्या मांडीवरचे मूल दाखल करायला हवे होते, हे मला डॉक्टर नसूनही दिसत होते. ती कोरकूत बोलली, कार्यकर्तीने मराठीत सांगितले. दवाखान्यात गेली तर शेतावरची मजुरी बुडते. मजुरी बुडाली तर घरी असलेली दोघे काय खातील? आणि दवाखान्यात हिला स्वतःला जेवण कोण देईल?

कार्यकर्तीने माझ्याकडे पाहिलेही नाही. कापलेली बाब तिला तोंडपाठ असणार. त्या मुलाला कार्यकर्तीने त्या दिवशी आईसह आमच्याच गाडीतून आणले आणि ते बरे झाले. पण ज्या मुलांच्या दारात त्या पावसाळ्यात गाडी गेली नाही, त्यांचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही.

परतल्यावर मी शासनाच्या योजना वाचायला घेतल्या, आणि मला खाली मान घालावी लागली. आदिवासी भागासाठी १९९५ पासून राज्यात नवसंजीवनी योजना आहे. तिच्यात एक शब्द आहे : बुडीत मजुरी. आजारी मूल दाखल झाले तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या आईला किंवा नातेवाइकाला जेवण आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी, असे सरकारने लिहून ठेवले आहे. पैसे वेळेवर मिळतात का, पुरेसे असतात का, यावर भांडता येईल आणि भांडले पाहिजे. पण जो रकाना आम्ही, आरोग्य-समतेचे नाव घेणाऱ्यांनी, छापलाच नव्हता, तो एका सरकारी निर्णयात आधीपासून होता. मजूर स्त्रीच्या घरचा हिशेब ज्याला ठाऊक होता अशा कोणीतरी तो शब्द कागदावर आणला असणार.

तिसऱ्या वर्षी आम्ही ती बाब मंजूर केली. खाटा भरू लागल्या. त्याच वर्षी अनुदानाची मुदत संपली.

आजचे दाते

पैसा आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करणे बंधनकारक केले. २०१४ पासून ते लागू झाले. आरोग्य हा त्यातला मोठा विषय. त्याच कायद्यात कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. तत्त्व म्हणून ते चांगले वाटते. पण मेळघाटात कारखाने नाहीत, व्याघ्र प्रकल्प आहे. ज्या भागात उद्योग नाहीत तो भाग कोणाच्याच परिसरात येत नाही, आणि गरज मात्र तिथेच साचलेली असते.

दुसरी अडचण मुदतीची. बहुतेक अनुदाने तीन वर्षांची असतात. वर्ध्याच्या पद्धतीला सरकारने स्वीकारले म्हणून तिचे काम पुढे चालले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला त्याचेही तसेच झाले. ३९ गावांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकन न्यासांचे साहाय्य होते. बारा वर्षांनी, २०११ साली, केंद्र सरकारने ते काम आशा कार्यकर्त्यांकडे दिले. म्हणजे एका चांगल्या अनुदानाला फळ यायला दीड दशक लागले. तीन वर्षांनी उपयोगिता प्रमाणपत्र मागून फाइल बंद केली असती तर ते दिसले नसते. आणि तिथेही पैसा गेला तो गावातल्या शिकाऊ बाईच्या हाताला, तिच्या पिशवीला, तिच्या मानधनाला.

परदेशी पैसा म्हणून वाईट आणि गावची वर्गणी म्हणून चांगली, असा हिशेब या इतिहासातून निघत नाही. डब्लिनचे ३० पौंडही उपयोगी पडले आणि कीर्तनात पडलेला आणाही. फरक पडला तो दुसऱ्या ठिकाणी. ज्याच्यासाठी पैसा आहे त्याचा दिवस कसा जातो, हे ठरवणाऱ्याला ठाऊक होते की नव्हते, यावर सगळे अवलंबून राहिले.

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीत आश्रम स्थापला आणि पुढे ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली. तिच्यात गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे. दवाखान्याआधी स्वच्छता, अन्न, व्यायाम आणि शेजारधर्म यांचा विचार तिथे येतो. सगळ्या ग्रंथाचे गृहीत एकच दिसते : गावाला काय हवे ते गावाने बसून ठरवावे. अनुदान विभागात असताना मी ती भक्तिग्रंथ म्हणून घरी ठेवली होती. कार्यालयात नेली असती तर बरे झाले असते.

यंदा मौन संपल्यावर त्या जुन्या सेवकांना मी ही सगळी हकिगत सांगितली. प्रसादाच्या रांगेत उभे राहून त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग विचारले, “त्या बाईचं जेवन तुमी कायच्यात लिवत होते म्हने?”

“इतर खर्चात.”

“इतर,” ते म्हणाले, आणि बराच वेळ पुढे सरकलेल्या रांगेकडे त्यांचे लक्ष नव्हते.

मागून कोणीतरी त्यांना हळूच पुढे व्हायला सांगितले. आम्ही पत्रावळी घेतल्या आणि पंगतीत बसलो. पंगतीत दवाखान्यातून थेट आलेले एक कुटुंब होते. बापाच्या हाताला सलाईनची पट्टी तशीच होती. वाढणाऱ्याने त्यांना कोण, कुठले, काही विचारले नाही.

न्यासातल्या माझ्या जागी आता एक तरुण बाई आहेत. त्यांना मी हा लेख छापून येण्याआधी पाठवला आणि सोबत एक विनंती केली : तक्त्यात एक रकाना वाढवा. नाव शोधायला नको, ते शासनाने आधीच दिले आहे.